पॅकेज न घेतलेला उमेदवार वर्तमानपत्रात का दिसत नाही?

प्रश्न : कृष्णाकाठ

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी आमच्या मतदारसंघातील एका अपक्ष उमेदवाराच्या प्रचारात होते. उमेदवार एकल महिलांच्या संघटनेतील कार्यकर्ती होती. तिच्या पाठीशी ना साखर कारखाना होता, ना बँक, ना शिक्षणसंस्था. मतदानाच्या आठवडाभर आधी, बाजाराच्या दिवशी घेतलेल्या तिच्या सभेला तीनेकशे बायका आल्या, त्यातल्या कित्येकजणी त्या दिवसाचा रोज बुडवून. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या सभेची एक ओळही आली नाही. त्याच अंकात एका प्रमुख उमेदवाराच्या ‘प्रचारफेरीला उदंड प्रतिसाद’ होता आणि त्याच्या बरोबर खाली, तेवढ्याच जागेत, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या ‘विजयाची केवळ औपचारिकता बाकी’ होती. दोन्ही बातम्यांवर बातमीदाराचे नाव नव्हते आणि ‘जाहिरात’ असा शब्दही कोठे नव्हता. आमच्या तालुका वार्ताहराला विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, पॅकेज घेतलं असतं तर लावली असती.”

ही कात्रणे मी जपून ठेवली आहेत. अशा बाबतीत कायदा नेमके काय करू शकतो, आणि आमच्यासारख्यांनी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : तळटीप

आपण ज्याला पॅकेज म्हणता, म्हणजे पैसे देऊन बातमीच्या रूपात प्रचार छापून घेणे (पेड न्यूज), त्याची सर्वांत गाजलेली तक्रार महाराष्ट्रातूनच झाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. त्या काळात परस्परांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत त्यांच्या गौरवाची पानेच्या पाने आली आणि त्यांतील काही मजकूर शब्दशः सारखा होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर दाखवलेली रक्कम होती अवघी ५,३७९ रुपये. त्यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार माधव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. उमेदवाराने वेळेत हिशेब दिला की नाही एवढेच न पाहता तो हिशेब खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. त्यानंतर जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांच्या विरोधात मत नोंदवले, परंतु सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भारतीय जनता पक्षात गेले, म्हणून या प्रश्नाकडे कोणत्याही एका पक्षाचे पाप म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या प्रश्नाविषयी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून किंवा तक्रार आल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने संबंधित उमेदवाराला नोटीस द्यायची असते आणि उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे असते. समितीने बातमी पैसे देऊन छापलेली ठरवली, तर सरकारी जाहिरात दराने तिची किंमत काढून ती त्याच्या खर्चात मिळवली जाते. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे आणि एवढ्याशा भरीने ती क्वचितच ओलांडली जाते. वर्तमानपत्राबाबत प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जाते, पण कौन्सिलला ताकीद देण्यापलीकडे शिक्षेचा अधिकार नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली होती.

उत्तर २ : निवृत्त उपसंपादक

मी तीस वर्षे जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम केले, म्हणून त्या वार्ताहराच्या खाली घातलेल्या मानेविषयी लिहितो. तालुक्याचा वार्ताहर पगारी नोकर नसतो. त्याला मिळणाऱ्या मानधनात मोटारसायकलचे पेट्रोलही निघत नाही आणि त्याची खरी कमाई म्हणजे जाहिरातींवरचे कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांचे उद्दिष्ट त्याच्या गळ्यात बांधलेले असते. वर्षभर ज्या आमदाराच्या दारात तो जाहिरातीसाठी उभा राहतो, त्याच आमदाराविरुद्ध निवडणुकीत त्याने निर्भीडपणे लिहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

मी उमेदवारांकडून तयार आलेल्या मजकुराला मथळे दिले आहेत. रात्री नऊच्या सुमारास जाहिरात विभागातून कागद यायचा, त्यावर नाव आणि जागा लिहिलेली असायची, आणि मी पान लावायचो. मजकूर कापायचा नाही, एवढीच सूचना असे. त्या रात्री ज्यांच्या बातम्या जागेअभावी कचऱ्यात गेल्या, त्या लोकांची मला अजून आठवण येते. एक बातमी धरणग्रस्तांच्या उपोषणाची होती.

लहान दैनिकांचा जीव सरकारी जाहिरातींच्या यादीतही अडकलेला असतो. २०२४ मध्ये आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, त्याआधीचे दोन-तीन महिने ‘लाडकी बहीण’ योजनेच्या जाहिराती सर्वत्र होत्या. महिन्याला १,५०० रुपये ही गरीब घरातल्या बाईसाठी मोठी रक्कम आहे आणि तिच्याविरुद्ध माझे काहीच म्हणणे नाही. पण ज्या संपादकाचे त्या महिन्याचे बिल सरकारकडून यायचे असते, तो अंगणवाडी सेविकांच्या थकलेल्या मानधनाची बातमी पहिल्या पानावर घेताना दहा वेळा विचार करतो. हा पैसा कोणाच्याही निवडणूक खर्चात धरला जात नाही.

उत्तर ३ : पाटीपेन्सिल

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर मला एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. कायदा छापलेल्या मजकुराचे सेंटीमीटर मोजतो, न छापलेल्या मजकुराचे मोजमाप त्याच्याकडे नाही. कृष्णाकाठ यांच्या उमेदवाराची हानी झाली ती तिच्याविरुद्ध काही खोटे छापून आले म्हणून नव्हे. तीनशे बायकांची सभा ज्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही, त्या सगळ्यांसाठी ती सभा झालीच नाही, ही ती हानी आहे. मतदार ‘निवडून येणाऱ्याला’ मत देण्याचा विचार करतो आणि कोण निवडून येऊ शकतो हे त्याला पानावरच्या जागेवरून कळते.

डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. तेव्हा पैसे पुढे करूनही जातीमुळे दार उघडले नाही, आज पैसे नाहीत म्हणून उघडत नाही, आणि दाराबाहेर उभी राहणारी माणसे बहुतांशी त्याच वस्त्यांतली आहेत. म्हणून हा केवळ पत्रकारितेच्या नीतीचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. विधिमंडळात कोणाचा आवाज पोहोचणार, हे येथेच ठरते.

उत्तर ४ : झाई-बोर्डी

तरीही निराश होऊ नये. आमच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू या राखीव मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही निवडणुकांत निवडून आले. मित्रपक्षांची मदत होती हे खरे, पण पाया होता तो १९४५ पासूनच्या वारली आदिवासींच्या उठावाचा, गोदावरी परुळेकरांनी पाड्यापाड्यांवर उभ्या केलेल्या संघटनेचा. आमच्याकडे वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन कार्यकर्ता वर्षातून अनेकदा दारात येतो, मग निवडणुकीच्या पंधरवड्यात पान कोणी विकत घेतले याने फारसा फरक पडत नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत निघाला, तेव्हाही वाहिन्यांचे कॅमेरे मोर्चा मुंबईच्या जवळ आल्यावरच मोठ्या संख्येने वळले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून रक्ताळलेल्या पायांनी ती माणसे रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालली, आणि शहराने त्यांना पाणी व चपला दिल्या.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ९६ तासांची मुदत आम्हाला ठाऊकच नव्हती आणि निकालानंतर तक्रारीचा विचार करत बसलो, ही आमची चूक झाली. जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते, म्हणून तेथील तक्रारीची पद्धत आताच लेखी विचारून घेणार आहे. काल रात्री आम्ही पाचजणी जुने अंक पसरून बसलो होतो. एक पट्टीने जागा मोजत होती, एक तारीख आणि पान क्रमांक वहीत लिहीत होती, आणि वहीच्या उजव्या बाजूला त्या त्या दिवशी झालेल्या पण न छापलेल्या सभांसाठी आम्ही एक वेगळा रकाना आखला आहे.