खोगीर, जीन की काठी? आणि भरती कशाची?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दाचा आहे, पण त्यात थोडे पैसेही अडकलेत. चुलतभावानं अकलूजच्या बाजारातून अडीच वर्षांची घोडी आणली. त्याचं पोरगं आतापासूनच मागं लागलंय की वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मावळा होऊन हिच्यावर बसणार. आजोबा म्हणतात, खोगीर घ्या. दुकानदार बिलावर 'जीन' लिहितो आणि बोलताना कानडीत 'जीनु' म्हणतो. घोडी विकणारा उत्तरेकडचा होता, तो 'काठी काठी' करत होता. ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत काय? घोडी अजून वाढायलीय, मग तिला यातलं काय घ्यायचं? गुगलवर 'जीन' टाकलं तर पँटी येतात.

आणखी एक. 'खोगीरभरती' म्हणजे घोडदळाची भरती असं मी बारावीपर्यंत समजत होतो. हसू नका. बेळगावात भरती म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री आणि पहाटे रस्त्यानं पळणारी पोरंच डोळ्यापुढं येतात.

निपाणीचा मास्तर
तुमची समजूत चुकीची असली तरी गोड आहे. वर्गात एका मुलानं अगदी हेच लिहिलं होतं, मी अर्धा गुण दिला होता.

जीन आणि खोगीर दोन्ही फारशीतून आलेले शब्द. जिनाच्या आत लाकडी सांगाडा असतो, वरून कातडं. ती करणारा तो जीनगर, त्या समाजाचं नावच या धंद्यावरून पडलं. खोगिराला सांगाडा नाही, ती भरलेली गादी. आणि मुळात तर गादीसुद्धा नव्हे. फारशीत 'खोय' म्हणजे घाम, 'गीर' म्हणजे धरणारा, जहांगीरमधला 'गीर' तोच. म्हणजे पाठीचा घाम टिपायला घातलेलं जाड कापड. मराठीत येईतो त्या कापडाची गादी झाली आणि पुढं सरसकट कुठल्याही बैठकीला लोक खोगीर म्हणायला लागले. काठी हा हिंदी शब्द, लाकडाची जीन. शरीराचा बांधा हा त्याचा दुसरा अर्थ आपल्याला 'अंगकाठी'मुळे ओळखीचा आहे.

खोगिरात चिंध्या, गवत, काथ्या, हाताला लागेल ते कोंबत. म्हणून खोगीरभरती म्हणजे नुसती जागा भरायला कोंबलेलं बिनकामाचं. संमेलनातली निम्मी भाषणं, उदाहरणार्थ.

अंकलीजवळून
आमच्या गावाकडं घोडा म्हटला तर म्हातारी माणसं रागावतात, निदान ज्येष्ठ-आषाढात तरी. माउलींच्या पालखीसाठी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातो तो 'अश्व'. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, त्यावर माउली बसलेत असं मानतात, आणि रिंगणात तो तसाच मोकळा धावतो. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या काळापासूनची रीत. माणूस बसणार नसला तरी पाठीवर साज असतोच, म्हणून तुमच्या यादीत 'साज' हाही शब्द घाला. बाजारात गेलात तर नुसतं जीन विचारू नका, साज विचारा, म्हणजे तंग (पोटाखालचा पट्टा), रिकीब, दुमची (शेपटीखालचा पट्टा) सगळं त्यात आलं.

मोकळी पाठ
मी घोड्यांत वाढलोय, भाषा मास्तरांची नव्हे, सांभाळून घ्या.

मास्तर, अर्थ मान्य, पण त्या भरतीवर अन्याय झालाय. वाढत्या घोडीला तीच तर कामाची गोष्ट! खानापूरकर, घोडीचे दात बघितलेत काय? घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडी-जोडीनं बदलतात. म्हणजे तुमची आत्ता कुठं दोन दाती व्हायलीय. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं, पण कणा त्याच्याही मागं असतो. मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी थांबते, पाच-साडेपाच वर्षं जातात. तोवर पाठ एका आकाराची राहत नाही. कधी मागचा पुठ्ठा उंच होतो, मग जे घालाल ते पुढं मानेकडं घसरतं. दोन महिन्यांनी पुढचा भाग वर येतो. खाणं-काम वाढलं की पाठीच्या दोन्ही बाजू भरतात. आज मापात बसलेली कडक सांगाड्याची जीन चार महिन्यांत खवाट्यावर, म्हणजे खांद्याच्या हाडावर, रुतायला लागते. जनावर बोलत नाही. तंग आवळताना कान मागं टाकतं, चावायला येतं, आणि आपण म्हणतो घोडी खोडील निघाली.

म्हणून आत्ता भारी जीन घेऊ नका, पैसे पाण्यात. हलकं खोगीर आणि वरून पट्टा, तेही सवय लागावी म्हणून. वर माणूस नको. साडेतीन-चारच्या पुढं बसायला लागलात की मग जीन बघा, जिची पुढची कमान बदलता येते आणि आतली भरती लोकरीची आहे. लोकर उसवून कमी-जास्त करता येते, चिकटवलेला फोम तसाच राहतो. म्हणजे बघा, जिची भरती काढता-घालता येते तीच वाढत्या घोडीची जीन.

माप घ्यायला मऊ तार पाठीवर दाबून वाकवा, पेपरावर ठेवून रेघ मारा, तारीख घाला. दोन-तीन महिन्यांनी परत. रेघा एकावर एक ठेवल्या की कळतंय कुठं वाढली ते. बसल्यावर पुढच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि मागचं टोक शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीपलीकडं जाता कामा नये. जीन टेकली की कण्याच्या वर मोकळी फट दिसली पाहिजे.

मास्तरांनी घामाचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं, पण आम्ही काम झाल्यावर बघतो ते नेमकं तेच. साज उतरला की खालच्या घोंगडीवर घाम दोन्हीकडं सारखा उमटला का? मधेच कोरडा डाग दिसला तर तिथं एकतर फार दाबतंय नाहीतर टेकतच नाही. हात फिरवून बघायचं. पुढं त्याच जागी पांढरे केस आले तर उशीर झाला.

हलगा
तो 'पुढचा उंचवटा' म्हणजे नेमकं काय? मराठी शब्द?

मोकळी पाठ
आम्ही बैलाच्या सवयीनं वशिंड म्हणतो. चूक आहे, घोड्याला वशिंड नसतं.

निपाणीचा मास्तर
असू दे की. ज्यांच्या गोठ्यात बैल आधी आला ते घोड्यालाही बैलाचेच शब्द लावणार. आदत, दुसा, चौसा हे दातांवरून वय सांगणारे शर्यतीच्या बैलांचे शब्दही मी घोड्याला लावलेले ऐकलेत. छापायचं असेल तर 'खांद्यावरचा उंचवटा' लिहा.

अंकलीकरांनी साज म्हटलं म्हणून आठवलं, 'जेरबंद'. फारशीत जेर म्हणजे खाली. घोड्यानं डोकं वर उडवू नये म्हणून तंगापासून छातीखालून लगामाकडं नेलेला पट्टा तो जेरबंद. आता तो फक्त बिबट्याच्या बातमीत उरलाय.

हलगा
आमच्या बिबट्याच्या बातमीत तोही नाही उरला. २०२२ ला बेळगावात गोल्फच्या मैदानावर शिरला, शाळा बंद, हत्ती आणले, पण 'बिबट्या जेरबंद' छापायचं काही जमलं नाही.

खानापूरकर
आभार सगळ्यांचे. भावाला वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर इथंच घोडं पेंड खात होतं, तो आगाऊ रक्कम देऊन बसलेला. दुकानदार भला, त्यानं त्याच पैशात खोगीर, पट्टा आणि नवा लगाम दिला. आजोबांनी लगेच ऐकवलं, "घोडी मेली ओझ्यानं नि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, म्हणून मिरवणुकीत लांबपर्यंत चालवूपण नका." दोन दाती घोडीला शिंगरू म्हणतात काय, यावर आता घरात वेगळं भांडण सुरू आहे.

निपाणीचा मास्तर
शिंगरू आईच्या मागं हिंडतं तोवरच. पण आजोबांना सांगू नका.

खानापूरकर
नाही सांगत. पोरगं मात्र रुसलं होतं. यंदा बसायचं नाही, लगाम धरून थोडं अंतर चालायचं, म्हटल्यावर रडलं. मग त्याला सांगितलं की घोडा सांभाळणाऱ्याला मोतद्दार म्हणतात. तेव्हापासून शाळेत सगळ्यांना सांगत सुटलंय, मावळे पन्नास असतात, मोतद्दार मी एकटाच.