पुणे ते सासवड चाललात, म्हणजे वारी झाली?

भवानी पेठ, तिसरी पिढी: काल इथे एकाने लिहिलं, 'पुणे-सासवड टप्पा चाललो, डोकं रिकामं झालं, नवा जन्म मिळाला. ऑफिसच्या ताणावर वारीसारखं औषध नाही.' तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून लिहितोय. पालखी विठोबा मंदिर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माउली मुक्कामी असतात तेव्हा आजोबांच्या काळापासून आमच्या ओटीवर दिंडी उतरते. वडिलांनी बावीस वाऱ्या केल्या. 'मला काय मिळालं' असं ते कधी बोलले नाहीत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला एक दिवस चालायचं, रात्री गाडीने घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडायचे, ही वारी नाही. वारी म्हणजे नेम. पुढच्या ज्येष्ठात येणार का, तेवढं सांगा.

पोस्ट माझीच: मार्चमध्ये नोकरी गेली, दादा. तीन महिने धड झोप नव्हती. दिवे घाटात एका आजींनी हातात टाळ दिले. माझा ताल चुकत होता, तरी परत मागितले नाहीत. त्या रात्री झोप लागली. याला मी काय म्हणायचं ते तुम्ही ठरवणार?

भवानी पेठ, तिसरी पिढी: झोप लागली, आनंद आहे. पण परंपरेत आपल्या सोयीने बदल करू नका.

लोणी काळभोर: बदल कुणी केला नाही? माउली आणि तुकोबांच्या पादुका पूर्वी एकत्रच जायच्या. एकोणिसाव्या शतकात माउलींचे भक्त हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला, म्हणून आज हडपसरला वाटा फुटतात. तुकोबा आमच्याकडे येतात, दिवे घाट चढत नाहीत. वारी म्हटलं की सगळ्यांना तेवढा घाटच आठवतो.

सासूबाईंसोबत चाललेली: नेम, परंपरा, घाट! बायकांनी जायचं कुठे, ते बोला ना. मी पूर्ण चाललेय. वाल्ह्याला पहाटे तीनला उठून अंधारात आडोसा शोधला. फिरती शौचालयं होती, पण आमच्या राहुटीपासून लांब, आणि पाणी संपलेलं. बायका भीतीने दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. नीरेपर्यंत मला जळजळ आणि ताप.

सासवड, रस्त्याकडेचं रान: तो आडोसा म्हणजे आमचं रान असतं, ताई. आम्ही पिठलं-भाकरी वाढतो आणि दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या वेचतो.

सासूबाईंसोबत चाललेली: ताटल्या मी टाकल्या का? माझ्या तापाच्या गोष्टीत तुम्हाला तुमचं रानच दिसलं!

सासवड, रस्त्याकडेचं रान: तुम्हाला नाही म्हणालो. ताटल्या एक दिवसाच्या हौशी लोकांच्या. पण चुकीच्या जागी बोललो, खरं आहे.

पोस्ट माझीच: हौशी म्हणजे मीच ना? माझा डबा स्टीलचा होता आणि तो घरी परत आणला.

भवानी पेठ, तिसरी पिढी: टाळाचं पटलं. आजींनी परत मागितले नाहीत, तर मी कोण? पुढच्या वर्षी आदल्या रात्री ओटीवर या. मात्र सासवडला थांबू नका, जेजुरीपर्यंत तरी चला. बाकी मत तेच.

सासूबाईंसोबत चाललेली: तुमच्या ओटीवरच्या बायका पहाटे कुठे जातात?

भवानी पेठ, तिसरी पिढी: चौकातल्या सार्वजनिक संडासात. आमच्या वाड्यातल्याला कुलूप असतं.

सासूबाईंसोबत चाललेली: तीन पिढ्या?

भवानी पेठ, तिसरी पिढी: हो. किल्ली आईकडे असते. आत्ताच तिच्याशी बोललो, कुलूप काढायला ती तयार आहे.