युरोपीय समुद्रांवरील सार्वजनिक निधीचे संशोधन : अहवालापुढे काय होते?

प्रश्न (पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

‘होरायझन युरोप’ या २०२१ ते २०२७ च्या संशोधन कार्यक्रमात समुद्र व जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनाचे एक अभियान आहे. २०३० पर्यंत समुद्रातील प्लॅस्टिक कचरा निम्म्यावर आणणे आणि सूक्ष्मप्लॅस्टिक ३० टक्क्यांनी घटवणे, ही त्याची उद्दिष्टे आहेत. महाविद्यालयातील परिसंवादासाठी मी प्रकल्पांची माहिती वाचते आहे, परंतु करदात्यांच्या पैशांतील हे काम प्रत्यक्ष वापरात किती आले, हे त्यातून उमगत नाही. एखादे ठोस उदाहरण मिळेल का?

उत्तर १ (दूरसंवेदनाचे निवृत्त अध्यापक)

तेलगळतीची टेहळणी हे उदाहरण घ्यावे. रडार उपग्रहाच्या चित्रात तेलाचा तवंग काळा दिसतो, कारण तेलामुळे पृष्ठभागावरील बारीक लहरी दबतात आणि रडारकडे परतणारा संकेत क्षीण होतो. अडचण अशी की, वारा पडला तरी पाणी तसेच काळे दिसते आणि शेवाळाचा थरही फसवतो. हा फरक ओळखण्याच्या पद्धती संशोधनातून घडत गेल्या. लिस्बन येथील युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेची ‘क्लीनसीनेट’ ही सेवा २००७ पासून याच तंत्रावर चालते. संशयित डाग दिसताच संबंधित देशाला इशारा जातो आणि जहाजांच्या मार्गनोंदींशी तो ताडून पाहता येतो.

उत्तर २

सर, माहिती उत्तम आहे, पण सारे श्रेय संशोधनाला देता येणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्समधील ब्रिटनीजवळ ‘एरिका’ आणि नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनमधील गॅलिशियाजवळ ‘प्रेस्टिज’ ही तेलवाहू जहाजे बुडाली, किनारे काळवंडले आणि त्या लोकक्षोभातून कायदे कडक झाले. आपण उल्लेखिलेली संस्थाही ‘एरिका’नंतरच्या निर्णयांतून स्थापन झाली. इशारा मिळाल्यावर विमान वा गस्ती नौका पाठवणे हे ज्याचे काम आहे असे खाते नसते, तर तेच तंत्र कपाटात पडून राहिले असते. माझ्या मते, ताई, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे : प्रकल्प संपल्यावर तो चालवायला कोण बांधील आहे, हे आधी तपासावे.

उत्तर ३ (पंचवटी)

परिसंवाद नाशिकमध्ये असल्याने एक भर घालतो. त्या अभियानात डॅन्यूब नदीचे खोरे आणि काळा समुद्र यांचा एकत्रित विचार केलेला आहे, कारण डॅन्यूबमधून आलेल्या नत्र व स्फुरदामुळे काळ्या समुद्राच्या वायव्य भागातील प्राणवायू घटल्याचा अनुभव युरोपने १९७० आणि १९८० च्या दशकांत घेतला. आपल्या गोदावरीत पाणवेली फोफावतात त्या सांडपाण्यातील याच पोषक द्रव्यांवर, त्यामुळे तुलना ओढूनताणून केलेली वाटणार नाही.

शिवाय ‘सेंटिनेल-१’ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले, त्या सुमारास त्या भागाची चित्रे उपलब्ध आहेत का, ते शोधून पाहावे. मात्र पावसाळ्याच्या तोंडावरील जोराच्या वाऱ्यात तवंग फाटतो, हे सरांनी सांगितलेल्या अडचणीच्या नेमके उलटे टोक आहे.