डेब्युसीचा व्हायोलिन सोनाटा: १९२९ च्या रेकॉर्डिंगमध्ये सूर एवढे ओढून का घेतलेत?

मध्यसप्तक:
मंडळी, मी मूळचा ख्याल ऐकणारा, पण सध्या फ्रेंच संगीतकार डेब्युसीचा व्हायोलिन-पियानो सोनाटा (दोन वाद्यांसाठी लिहिलेली, काही भागांची रचना) डोक्यात बसलाय. आधी एक हल्लीचं रेकॉर्डिंग ऐकलं, एकदम स्वच्छ, मग एका मित्राने जाक तिबो (व्हायोलिन) आणि आल्फ्रेड कोर्तो (पियानो) यांचं १९२९ चं पाठवलं आणि मी उडालोच. खरखर आहे, मान्य, पण तिबो एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना चक्क मींड घेतोय! हल्लीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागा सुट्या सुट्या येतात. हे स्वरलिपीत लिहिलेलं असतं का त्याची स्वतःची लकब? आणि दुसरं म्हणजे, पियानो इथे साथीला आहे असं धरायचं का? कारण माझे कान सारखे कोर्तोकडेच जातात.

गजवाली:
मस्त प्रश्न. त्याला पोर्टामेंटो म्हणतात, आणि बहुतेक जागी तो लिहिलेला नसतो, वाजवणाऱ्याने ठरवायचा. त्या काळी जवळपास सगळेच घ्यायचे, गायकसुद्धा. पुढे आवड बदलली, सूर नेमका आणि सुटा लागला पाहिजे असा आग्रह आला आणि ही घसरण गोड-गोड वाटायला लागली, म्हणून शिकवतानाच कमी करायला सांगतात. मलाही तसंच शिकवलं आणि मला ते पटत नाही, कारण १९१७ मधला व्हायोलिनवादक असाच वाजवायचा हे कानात ठेवूनच डेब्युसीने लिहिलं असणार ना!

आता साथ. नाही, अजिबात नाही. सुरुवात परत ऐका. पियानो एकटा सुरू होतो, दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), जी मायनर आणि मग सी मेजर, हळू, आणि व्हायोलिन नंतर येतं, तेही दबक्या आवाजात. सगळं वातावरण पियानोनेच उभं केलेलं असतं. पॅरिसला साल गावो या सभागृहात ५ मे १९१७ ला पहिल्यांदा वाजला तेव्हा गास्तों पुले व्हायोलिनवर आणि पियानोवर स्वतः डेब्युसी होता, कॅन्सरने खंगलेला, पॅरिसमधला त्याचा तो शेवटचा जाहीर कार्यक्रम. सहा सोनाटा लिहायचे ठरवले होते, तीनच झाले, हा तिसरा. पुढच्या मार्चमध्ये गेला. एवढं असून तिसरा भाग कसा उसळत जातो ते बघा, मला दर वेळी भरून येतं.

पंचम७९:
कान कोर्तोकडे जातात कारण तिबो-कोर्तो ही जोडी वीसेक वर्षं मुरलेली होती, चेलोवादक कासाल्सबरोबर त्यांचं त्रिकूटही होतं.

अजून एक ऐकाच, व्हायोलिनवर योझेफ सिगेटी आणि पियानोवर संगीतकार बेला बार्टोक, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला १३ एप्रिल १९४० चा कार्यक्रम. लाइव्ह आहे, हाच सोनाटा त्यातही आहे. सिगेटीचा आवाज गुळगुळीत नाही पण प्रत्येक वाक्य बोलल्यासारखं येतं. त्याच कार्यक्रमात बार्टोकचा स्वतःचा दुसरा सोनाटा आहे, १९२२ चा, त्यात तर दोघं एकमेकांच्या चाली जवळपास उचलतच नाहीत, आपापलं बोलतात आणि तरी एकत्र राहतात. साथ हा शब्दच तिथे गळून पडतो.

माइकपाशी:
रेकॉर्डिंगच्या बाजूने थोडं लिहितो, अशा जोडीचं काम केलंय. १९२५ च्या आधी माइकच नव्हता, भोंग्यात वाजवायचं, त्यात पियानोचा आवाज पार बारीक व्हायचा. तिबो-कोर्तोचं विजेच्या माइकवरचं आहे म्हणून कोर्तोचा डावा हात निदान कळतो. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, मध्ये चूक झाली तर ती अख्खी बाजू परत.

आज उलटी अडचण आहे. व्हायोलिनला वेगळा माइक जवळ लावला की गजाची घासाघीस आणि वाजवणाऱ्याचा श्वास सगळं येतं आणि पियानो मागच्या खोलीत गेल्यासारखा होतो, मग लोक म्हणतात साथ छान होती. आम्ही व्हायोलिन पियानोच्या बाकापाशी उभं केलं, पियानोचं झाकण पूर्ण उघडं, आणि मुख्य आवाज थोड्या लांबच्या दोन माइकवर घेतला, जवळचे अगदी किंचित मिसळले. झाकण अर्धं करायचा मोह होतो पण मग पियानो नुसता दबत नाही, त्याची चमकच जाते. त्यापेक्षा पियानोवाल्याला हळू वाजवायला सांगा, या संगीतात त्याला ते यायलाच हवं.

मध्यसप्तक:
सिगेटी-बार्टोक ऐकला, सुरुवातीचे ते दोन कॉर्डच किती वेगळे लागतात! मींडेच्या नादाने अजून काही सुचवाल का?

गजवाली:
जॉर्जे एनेस्कूचा तिसरा सोनाटा, १९२६ चा, रुमानियन लोकसंगीताच्या ढंगातला. यात सरकणं, पाव-स्वर (अर्ध्या सुराच्याही निम्मं अंतर), सुराचा कंप कधी हवा कधी नको, सगळं अगदी बारकाईने लिहून ठेवलंय, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या बरोब्बर उलट. १९४३ चं रेकॉर्डिंग घ्या, व्हायोलिनवर खुद्द एनेस्कू आणि पियानोवर दिनू लिपाट्टी, त्याचा धर्मपुत्र, तेव्हा पंचविशीतला. दुसऱ्या भागापासून सुरू केलंत तरी चालेल, पियानो एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि वर व्हायोलिन हार्मोनिक्समध्ये (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले बारीक, उंच सूर), हेडफोन लावूनच ऐका.