नगररचनेत मास्टर्स करावं का?

नाशिकची_सिव्हिलवाली

सिव्हिल करून एका बिल्डरकडे साइटवर आहे. स्लॅबच्या आदल्या रात्री सळ्या तपासत आयुष्य काढायचं नाही, एवढं ठरलंय. गेटचा स्कोअर बरा आहे. सीओईपी पुणे, व्हीएनआयटी नागपूर, सेप्ट अहमदाबाद, एसपीए दिल्ली अशी यादी काढली आहे. घरचे म्हणतात, शिकायचंच तर स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. कर, चार लोकांना सांगता तरी येईल.

माझं मत : नगररचना शिकावी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाला १२ हजारांहून जास्त नगररचनाकार हवेत. राज्यांच्या खात्यांत मंजूर पदं ३,९४५, आणि त्यातली ४२ टक्के रिकामी. विरोधी मतं ऐकायची आहेत. सांभाळून घेऊ नका.

गुंठेवारीग्रस्त

नाही घेत सांभाळून. पदं रिकामी आहेत म्हणजे भरणार आहेत, हे कोणी सांगितलं? त्याच अहवालात असंही लिहिलंय की बऱ्याच राज्यांत या पदांना नगररचनेची पदवी सक्तीची नाही. आपल्या एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकाराला सिव्हिल चालतं. ते तुमच्याकडे आहेच, मग फी कशाची भरताय?

बरं, लागलात नोकरीला. पुढे? पुण्याचा एचसीएमटीआर, म्हणजे शहरातला वर्तुळाकार रस्ता, १९८७ च्या विकास आराखड्यात आखलेला आहे. तेव्हा जन्मलेल्यांची पोरं शाळेत गेली, रस्ता अजून कागदावर. मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये सरकारने सरळ मोडीत काढला आणि नव्याने करायला लावला. पुण्याचा तर त्याच वर्षी पालिकेच्या हातातूनच काढून घेतला. प्लॅनर रेघ मारतो, ती कोणाच्या बंगल्याला वळसा घालणार हे ठरवणारे वेगळे. शिवाय मागाहून राज्याच्या नगररचना कायद्यातल्या (एमआरटीपी) कलम ३७ चे, मंजूर आराखड्यातले फेरबदल आहेतच.

रंगपेटी

मी हेच काम करते, सल्लागार कंपनीत.

मुंबईचा मसुदा का मोडीत निघाला तेही सांगा की. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू चुकीच्या दाखवल्या होत्या, आणि लोकांनी हजारोंनी हरकती घेतल्या. म्हणजे पायाभूत काम कच्चं राहिलं की काय होतं, त्याचंच हे उदाहरण आहे.

हे पायाभूत काम म्हणजे विद्यमान भूवापर. नकाशा घेऊन गल्लीत फिरायचं. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल. आता एका घराच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी, वर कुटुंब, मागच्या खोलीत चार शिलाई मशिनं. कोणता रंग भरणार? पिवळा भरलात तर त्या मशिनी कागदावर नाहीतच. उद्या तिथे नियम लावताना कोणी त्यांचा विचार करणार नाही. साइटवरच्या सिव्हिलवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला तो कोणी विचारलेलाच नसतो. मास्टर्सच्या स्टुडिओत यावरून तासन् तास भांडणं होतात.

दुसरं, रस्ता कागदावर राहतो तो बहुतेक वेळा जमिनीपायी. संपादनाला पैसे लागतात, पालिकेकडे नसतात. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली की आरक्षित जमिनीचा मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. यावर उपाय आपल्याच १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग ॲक्टमध्ये होता : नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या, उरलेल्या जागेतून प्रत्येकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड परत. गुजरातने ते सोडलं नाही. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या रिंग रोडची बरीचशी जमीन अशीच मिळाली. आपण कित्येक दशकं विसरलो आणि आता पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला पुन्हा गिरवतोय. हे करणारी माणसं हवीत, आणि ती साइटवर तयार होत नाहीत.

निवृत्त_रचना_सहायक

रंगपेटीताई, पटलं, पण निम्मंच. नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. पटेल तर सिव्हिल इंजिनिअर. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्राचे. शहर समजायला डोळे लागतात, पदवी नव्हे.

खात्यात पदवीधर पोरं पाहिली आहेत. जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशांवर) झकास हात, पण फेरफार आणि सातबारा पुढ्यात ठेवला की तोंडाकडे बघत बसतात.

गुंठेवारीग्रस्त

कलम ३७ वर कोणी बोललं नाही, याची नोंद घ्यावी.

रंगपेटी

बोलते. फेरबदलाची सूचना प्रसिद्ध होते, हरकतीला मुदत असते. तुमच्या भागातली शेवटची सूचना तुम्ही वाचली होती का?

आणि काका, कोरिया-पटेल दर वर्षी जन्मत नाहीत. नगरपरिषदा मात्र शेकड्यांनी आहेत. सातबारा कॉलेजात शिकवावा, याला माझं अनुमोदन.

नाशिकची_सिव्हिलवाली

एमपीएससीचा मुद्दा लागला. त्यामुळे सहायक नगर रचनाकाराची जाहिरात आली तर अर्ज भरणारच, पण प्रवेश सोडत नाही. टीपी स्कीम शिकायची असेल तर सेप्ट की सीओईपी? आणि काका, सातबारा तुमच्याकडे शिकायला आले तर चालेल का?

निवृत्त_रचना_सहायक

या. येताना तुमच्या गावाचा गटनकाशा घेऊन या. दुपारी तीननंतर, त्याआधी मी झोपतो.