हिवतापाविषयीच्या नभोवाणी संदेशात नेमके काय सांगावे?

प्रश्न
नभोवाणीसाठी हिवतापावरील संदेश लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. डासांची पैदास, लक्षणे, फवारणी, मच्छरदाणी आणि औषधोपचार हे सारे एका मिनिटात बसवावे असा आग्रह आहे. पण त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल, याची मला शंका वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. एका संदेशात एकच कृती सांगावी आणि ती करण्याच्या वेळीच ऐकवावी. हिवताप पसरवणारी ॲनाफिलीस डासाची मादी मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावते, त्यामुळे मच्छरदाणीची आठवण सकाळच्या बातम्यांनंतर करून देण्यात फारसा अर्थ नाही. कॅमेरूनमध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून ही आठवण रात्री ९ च्या सुमारास दिली जात असे.

प्रतिसाद २
वेळेइतकाच महत्त्वाचा प्रश्न लोकांच्या मनातील आक्षेपांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हिवतापापासून बचावासाठी ॲटॅब्रिनच्या गोळ्या दिल्या जात. त्यांनी त्वचा पिवळी पडे, शिवाय नपुंसकत्व येते अशी अफवाही पसरली होती, म्हणून कित्येक जण त्या टाळत. अशा वेळी 'गोळी घ्या' हे शंभरदा सांगूनही उपयोग नसतो. आधी त्या भीतीला उत्तर द्यावे लागते.

आजचा तसाच अवघड भाग म्हणजे ताप उतरताच औषध सोडणे. व्हायवॅक्स या हिवतापाच्या प्रकारात रोगाचे परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणू शकतात. त्यावर डॉक्टर तपासणी करून प्रायमाक्विन हे औषध देतात. हा क्रम बहुधा १४ दिवसांचा असतो. बरे वाटत असतानाही गोळ्या का घ्यायच्या, हे कारण सांगितल्याशिवाय कोणी चौदा दिवस टिकत नाही. (घोषवाक्य लिहिणाऱ्यांना नेमका हाच भाग कंटाळवाणा वाटतो.)

प्रतिसाद ३
'ताप आल्यास त्वरित रक्त तपासा' असे प्रसारित करण्यापूर्वी जवळच्या केंद्रात तपासणीचे साहित्य आहे का, हे विचारून घ्यावे. रिकाम्या हाताने परतलेला माणूस पुढचा संदेश ऐकत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एका मिनिटाऐवजी पंधरा-पंधरा सेकंदांचे चार संदेश मागून पाहतो: मच्छरदाणीचा रात्री, औषधाचा जेवणाच्या वेळी. रक्ततपासणीचा संदेश साठ्याची खात्री होईपर्यंत राखून ठेवतो. साचलेल्या पाण्याच्या संदेशासाठी आठवड्याचा एखादा वार ठरवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
होय. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. दर आठवड्याला पाणी काढून टाकल्यास अळ्यांचे डास होत नाहीत. वार मात्र मध्येच बदलू नये.