छोट्या संस्थेच्या ऑफिससाठी फोन + ब्रॉडबँड, स्वस्तात काय घ्यावं? (चिपळूण)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळुणात आमची एक छोटी संस्था आहे, रुग्णसाहित्य देतो आम्ही, म्हणजे व्हीलचेअर, वॉकर, वॉटरबेड, फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारी खाट) वगैरे, अनामत घेऊन आणि नाममात्र भाड्यावर. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, मूड असेल तेव्हाच चालणारा एक प्रिंटर, एक पगारी ताई आणि बाकी आम्ही रिटायर्ड मंडळी आलटून पालटून. २०२१ च्या जुलैतल्या पुरात तळमजल्यावरचं ऑफिस गेलं तेव्हापासून पहिल्या मजल्यावर आहोत.

सध्या जुनी बीएसएनएलची तांब्याच्या तारेवरची लँडलाईन आहे आणि नेट म्हणजे ताईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. त्यामुळे ताई बँकेत गेली की नेटपण बँकेत जातं. देणगीदारांची माहिती आयकर खात्याला द्यायचा तो दहा बीडीचा फॉर्म ३१ मेच्या आत भरायचा असतो, यंदा तो मी घरी बसून रात्री साडेअकराला भरला.

बजेट फोन-नेट मिळून महिना हजार, जीएसटी धरून. आमचा जीएसटी नंबर नाही त्यामुळे ते १८ टक्के आम्हाला कुठेच परत मिळत नाहीत, म्हणून कृपया दर सांगताना सगळं धरून सांगा. काय घ्यावं? लँडलाईन ठेवावी का काढावी? कमिटीत दोन गट पडलेत.

कोरा_कागद
लँडलाईन कशाला हो आता? काढून टाका. एक चांगला स्मार्टफोन, त्यात अनलिमिटेडचा रिचार्ज, हॉटस्पॉट त्याचाच. तीनशे-साडेतीनशेत महिन्याचं काम झालं. उरलेल्या पैशात नवा प्रिंटर घ्या :)

वाशिष्ठीकाठ
@कोरा_कागद कमिटीतला एक गट हेच म्हणतोय. पण अडचण सांगतो. आमच्या प्रत्येक व्हीलचेअरच्या पाठीवर ऑइलपेंटने संस्थेचं नाव आणि लँडलाईन नंबर रंगवलाय. पावत्यांवर तोच, दवाखान्यांच्या फळ्यांवर तोच, गुहागरकडच्या एका मेडिकलवाल्याने तर तो काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. नंबर पंचवीसेक वर्षं बदललेला नाही. आणि मोबाईलचा अनुभव आम्ही घेतलाय. चार वर्षांपूर्वी एका बाईंनी हौसेने स्वतःच्या नावावर सिम घेऊन संस्थेला दिलं, पत्रकांवर छापलं, मग त्या बाई मुलीकडे पुण्याला गेल्या आणि सिम त्यांच्याबरोबर गेलं. अजून त्यांना पुण्यात "कमोड चेअर आहे का?" म्हणून फोन येतात, बिचाऱ्या नीट बोलतात आणि आमचा नंबर देतात.

हिशेबी_मावशी
मी नाशिकला एका संस्थेची खजिनदार आहे, त्यामुळे तुमची ती पुण्याची गोष्ट वाचून हसू आलं आणि पोटात गोळापण आला, कारण आमच्याकडे हेच अध्यक्षांच्या मुलाच्या नावावर होतं.

कुठलं का कनेक्शन घ्या, संस्थेच्या नावावर घ्या. दुकानातला पोरगा सांगेल की काकू तुमच्या आधारवर देतो पाच मिनिटात, हे संस्थेचं नको त्याला कागद लागतात. लागू देत. न्यासाचं पॅन, धर्मादायचं नोंदणी प्रमाणपत्र, कनेक्शन घ्यायचं आणि सही अमुकने करायची असा विश्वस्तांचा ठराव, सही करणाऱ्याचं आधार, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा. आमचा भाडेकरार जुना होता म्हणून लाईटबिल चाललं. संस्थेच्या नावाने सिम घेतलं तर ते ज्याच्या हातात राहणार त्याचंही केवायसी मागतात, बिझनेस कनेक्शनला आता तो नियम आहे, तेव्हा ताईंना बरोबर न्या नाहीतर दोन फेऱ्या. बिल संस्थेच्या नावे आलं की ऑडिटरपण गप्प बसतो. आमच्याकडे दोन वर्षं "विश्वस्ताचं वैयक्तिक बिल संस्थेने का भरलं" हा शेरा येत होता, रक्कम किती तर महिना सहाशे.

ते पुण्याचं सिम अजून चालू असेल तर सोडू नका. नाव बदलून संस्थेच्या नावावर करून घेता येतं, त्या बाईंना पुढच्या वेळी चिपळूणला आल्या की कंपनीच्या स्टोअरमध्ये घेऊन जा.

नेटवाला_बंड्या
काका मी फायबर जोडायचंच काम करतो (तुमच्या भागात नाही, सांगलीकडे), त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पहिलं नंबरचं. मोबाईल नंबर २०११ पासून दुसऱ्या कंपनीत नेता येतो तसा लँडलाईन नंबर नेता येत नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाचं फायबर घेतलं तर ते नवीन नंबर देणार, तुमचा खुर्च्यांवरचा नंबर गेला. पण बीएसएनएलच्याच तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर गेलात तर तोच नंबर ठेवता येतो, फक्त अर्जातच तसं स्पष्ट लिहा, "जुना नंबर कायम ठेवून". नंतर सांगू म्हणालात आणि नवा नंबर पडला की मग मागे लागावं लागतं.

दुसरं स्पीड. शंभर-दोनशे एमबीपीएसच्या मागे लागू नका. दोन कॉम्प्युटर आणि एक व्हिडिओ मीटिंग याला ३० एमबीपीएस बक्कळ, झूमची एक मीटिंग तीन-चार एमबीपीएसच्या वर जात नाही. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा ३९९ अधिक जीएसटी म्हणजे ४७१ रुपये, एअरटेलचा ४० चा किंवा बीएसएनएलचा बेसिक ४९९ अधिक जीएसटी म्हणजे ५८९. हे मी बघितले तेव्हाचे घरगुती दर आहेत, ऑफिसचा पत्ता दिसला की बिझनेस प्लॅन गळ्यात मारायला बघतात, त्यात स्टॅटिक आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) वगैरे असतं, तुम्हाला त्याचं लोणचं घालायचंय का? आत्ताचे दर साईटवर बघून घ्या. फायबरला महिना ३३०० जीबीची मर्यादा असते, तुमची शंभरपण जाणार नाही.

तिसरं आणि हे कोणी सांगत नाही: तांब्याच्या लाईनवर फोनला वीज एक्स्चेंजमधून येते म्हणून लाईट गेली तरी जुना फोन वाजतो. फायबरवर तसं नाही. काचेच्या तारेतून वीज येत नाही, फायबरचा डबा, म्हणजे मोडेम, बंद तर फोनपण बंद. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, तो घ्याच. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतो, ॲम्पिअर किती ते फोटो काढून दुकानात दाखवा. डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन पिनांचा यूपीएस.

चकलीभाजणी
बंड्याच्या तिसऱ्या मुद्द्याला +१००. सासरे घरी ऑक्सिजनवर असताना आम्ही अशाच एका संस्थेला फोन करत होतो आणि त्यांच्याकडे लाईट नव्हती म्हणून रिंगच जात नव्हती. तेव्हा कळलं नाही असं का होतंय.

फायद्याची बाजूपण आहे. कोकणात मे-जूनच्या गडगडाटात तांब्याच्या तारेतून वीज येऊन मोडेम जळतात, माहेरी रत्नागिरीला तीन मोडेम गेलेत, बाबा ढग दिसले की पिन काढून ठेवायचे. फायबरमधून ते होत नाही. अडॅप्टर मात्र लाईटच्या बाजूने जाऊ शकतो, तो काढायची सवय ठेवा.

कोरा_कागद
बरं बाबा, लँडलाईनचं मान्य. खुर्च्यांचं माहीत नव्हतं. पण मग एकच करा, त्या लँडलाईन नंबरवरच व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. होतं ते. नंबर टाकल्यावर एसएमएस येणार नाही, "कॉल करा" निवडायचं, लँडलाईन वाजते, बाई सहा आकडे सांगते, ते टाकायचे. ऑफिसच्या कॉम्प्युटरलापण जोडून ठेवा म्हणजे ताई तिथूनच उत्तर देतील. डॉक्टरची चिठ्ठी, आधार, सगळं एकाच नंबरला येईल.

वाशिष्ठीकाठ
@कोरा_कागद हे माहीतच नव्हतं!! एकाच नंबरवर दोन्ही. कमिटीचे दोन्ही गट गप्प होतील.

अजून एक, पुरासारखं काही झालं तर? तेव्हा आमच्याकडे लाईट, फोन, रेंज, काहीच नव्हतं.

नेटवाला_बंड्या
तेवढ्या पुरात कुठलंच टिकत नाही काका, खोटं कशाला सांगू. पण रोजच्या झाडं पडणं, तार तुटणं याला एक उपाय, दोन वेगळ्या कंपन्या आणि दोन वेगळे रस्ते. फायबर एकाचं, तर जोडीला सिम दुसऱ्याचं. साधा बटणांचा फोन घ्या. ट्रायने (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत, वर्षभराचेपण. आमच्या आजीला एअरटेलचा १८४९ चा ३६५ दिवसांचा मारलाय, महिना दीडशेच्या आसपास पडतो. ते पुण्याचं सिम परत मिळालं तर तेच यात घाला, पाहिजे तर आधी पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत न्या, १९०० ला मेसेज, कोड येतो, तो चार दिवसच चालतो.

एअरफायबर म्हणून जे सांगायला येतील, गच्चीवर डबा लावणारे, ते फायबर पोचत नसेल तिथे ठीक. तुमच्याकडे खांबावर फायबर असेल तर तेच.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिना मोफत, दोन महिने मोफत म्हणतील. एक पावसाळा जाऊ दे, तार किती वेळा तुटते आणि माणूस किती दिवसांनी येतो ते बघा, मग भरा.

हिशेबी_मावशी
तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, रजिस्टरमध्ये तारखेसकट लिहायची सवय ताईंना लावा. आठवड्याने "तुमची तक्रारच दिसत नाही" ऐकायला मिळतं तेव्हा ती एक ओळ कामाला येते. डॉकेटनंतरही काही झालं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे, ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, नाहीतर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

वाशिष्ठीकाठ
धागा वर काढतोय, तीन आठवडे झाले. अर्जात "जुना नंबर कायम ठेवून" लाल पेनाने लिहिलं आणि नंबर राहिला. फायबर ५८९, साधा फोन १५४ च्या हिशेबाने, म्हणजे ७४३. यूपीएस बाराशे रुपयांना, तो एका सभासदाने वाढदिवसाची देणगी म्हणून दिला. डबा भिंतीवर साडेपाच फुटांवर ठोकलाय, पहिला मजला असला तरी. सिमसाठी त्या बाई गणपतीत येणार आहेत, तोवर नवीन घेतलंय.

व्हॉट्सॲप सुरू झाल्या दिवशी पहिला मेसेज गुहागरच्या त्या मेडिकलवाल्याचा, काचेखालच्या आमच्या नंबराचा फोटो आणि खाली "हाच ना?".

बंड्याने खासगीत सांगितलेलं, की डब्यावर 'लॉस'चा दिवा लाल झाला तर बाहेर तार तुटलीय, चालू-बंद करत बसू नका, सरळ तक्रार करा, ते कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवलं. परवा ताईचा फोन, "काका, लाल दिवा नाहीये पण नेटपण नाहीये." अर्धा तास फोनवर सगळे दिवे वाचून घेतले, शेवटी गेलो. झाडू मारताना मागची लॅनची पिन निघाली होती.